देवावर भरवसा आणि दोराची तपासणी

नाताळचा सण आटोपला की धर्मग्रामांतील युवा संघटनांना सहलीचे वेध लागतात. पूर्वी ही सहल म्हणजे एखादे तीर्थस्थान, एखादा समुद्रकिनारा, फार तर एखादा किल्ला. डबे घरचे, गाणी कोयरची आणि खेळ रुमालपाणी किंवा क्रिकेटचा. आता काळ बदलला आहे. आमच्या युवकांनी गेल्या हिवाळ्यात सहलीसाठी सह्याद्रीच्या पायथ्याचे एक साहसी क्रीडा केंद्र निवडले आणि त्यातही त्यांचे सारे लक्ष एका गोष्टीवर खिळले होते: झिपलाइन. दोन उंच मचाणांच्या मध्ये पोलादी तार ताणलेली, कमरेला पट्टे बांधलेले आणि डोक्यावरच्या कप्पीला लोंबकळत दरीवरून या टोकाचे त्या टोकाला जायचे.

‘फादर, तुम्हीसुद्धा यायचं,’ असा आग्रह झाला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तारेवर लोंबकळावे काय, हा प्रश्न आम्हाला पडला नाही असे नाही. परंतु युवकांना दुरून उपदेश करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर चार पावले चालावे, या विचाराने आम्ही होकार दिला. 42 युवक-युवती, तीन पालक आणि आम्ही, असा आमचा तांडा एका शनिवारी पहाटे बसने निघाला.

त्या दिवशी कोणालाही खरचटलेदेखील नाही. सर्व जण सुखरूप घरी परतले. तरीही त्या दिवसाविषयी लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण त्या मचाणावर आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक आमच्या एकट्याची असती तर आम्ही ती पापनिवेदनापुरती ठेवली असती. परंतु वर्षभरातील घटना पाहता ती अनेकांच्या हातून घडत असावी, असे दिसते.

मचाणावरचा प्रसंग

केंद्रावर पोहोचताच आमच्या हाती छापील कागदांचा गठ्ठा देण्यात आला. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर या खेळात भाग घेत आहे’ अशा आशयाचा तो मजकूर होता. नाश्त्याच्या रांगेतच पेन फिरले आणि पाच मिनिटांत सर्वांच्या सह्या झाल्या. आमच्या गटात सोळा-सतरा वर्षांची काही मुले होती, त्यांनीही सह्या केल्या. तो कागद कोणी वाचला नाही. आम्हीही वाचला नाही.

मग लाकडी जिना चढून आम्ही वर गेलो. वर दोन तरुण कामगार उभे होते. त्यांचे हात झपाझप चालत होते: पट्टा आवळायचा, कडी अडकवायची, पाठीवर थाप मारायची, ‘जा!’ म्हणायचे. खालून टाळ्या आणि शिट्ट्या. रांगेत आमच्या पुढे एक मुलगी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिची पाळी आली तेव्हा तिने त्या तरुणाला शांतपणे विचारले, ‘दादा, ही तार आज सकाळी कुणी तपासली?’

तो हसला. ‘ताई, रोज शंभर माणसं जातात. काही होत नाही.’

‘ते खरं, पण आज तपासली का?’

मागून आवाज येऊ लागले. रांग थांबली होती, ऊन चढत होते. आम्हालाही संकोच वाटला. आपल्या गटातील मुलगी यजमानांवर अविश्वास दाखवते आहे, असे काहीसे. आणि आम्ही म्हणालो, ‘बाळ, देवावर भरवसा ठेव आणि चल पुढे. किती वेळ लावतेस?’

सगळे हसले. ती वळून म्हणाली, ‘फादर, देवावर भरवसा आहे. मी दोराबद्दल विचारतेय.’

उत्तर न मिळाल्यामुळे तिने पट्टे सोडून परत दिले आणि ती जिना उतरून खाली गेली. तिच्यानंतर आमची पाळी होती. खरे सांगायचे तर पाऊल उचलेपर्यंत पोटात गोळा आला होता. मग कप्पीचा घरघर आवाज, अंगावर येणारा वारा, खाली झाडांचे शेंडे, आणि अर्ध्या मिनिटात पलीकडचे मचाण. लहानपणी वाडीतल्या आंब्याच्या झोक्यावर जो आनंद होत असे, त्याच जातीचा तो आनंद होता. तो आम्ही नाकारीत नाही.

पलीकडच्या टोकाला आमची कडी सोडविणारा मुलगा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, जवळच्याच आदिवासी पाड्यावरचा. आम्ही सहज विचारले, ‘किती दिवस काम करतोस?’ ‘दिवाळीपासून.’ ‘शिकवलं कुणी?’ ‘बघून बघून शिकलो.’ त्याच्या उत्तरात लपवाछपवी नव्हती. तेव्हा आम्हाला त्या मुलीचा प्रश्न आठवला. पण तोवर बाकीचे एकामागोमाग एक येऊ लागले होते आणि आम्ही काही बोललो नाही.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी गप्प बसून होती. दुसऱ्या दिवशी युवकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तिचा जिना उतरतानाचा फोटो फिरला. त्याखाली काय लिहिले होते ते येथे देत नाही. धाडसाच्या नावाखाली आपण एकमेकांना किती सहज दुखावतो, याचा तो नमुना होता.

तिचा प्रश्न बरोबर होता

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती मिळवू लागलो आणि जसजसे वाचत गेलो तसतसे ओशाळत गेलो.

तारेवरून दरी ओलांडणे ही काही नवी कल्पना नव्हे. नेपाळच्या डोंगराळ भागातील लोक ‘तुइन’ नावाच्या तारेवरच्या पाळण्यातून पिढ्यान्पिढ्या नद्या ओलांडीत आले. ती त्यांची हौस नव्हती, गरज होती. 1970 च्या दशकात कोस्टा रिका देशातील उंच वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टीचा अभ्यास करण्यासाठी डोनाल्ड पेरी या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने दोरांचा उपयोग केला. पुढे 1990 च्या दशकात त्याच देशात पर्यटकांसाठी झाडांमधून तारा बांधल्या गेल्या आणि तो खेळ जगभर पसरला. भारतात राजस्थानातील नीमराणा किल्ल्यावर 2009 मध्ये अशी सोय सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्था खंडाळ्याजवळच्या नागफणीसारख्या ठिकाणी ‘व्हॅली क्रॉसिंग’ करीत आल्या आहेत. तेथे मात्र दोर बांधणारा, दोर तपासणारा आणि दोरावर जाणारा हे एकमेकांना ओळखणारे, एकत्र सराव केलेले लोक असतात. व्यापारी केंद्रात जाणारा पाहुणा कोणालाच ओळखत नाही. म्हणून तेथे ओळखीची जागा नियमांनी आणि नोंदींनी घ्यावी लागते.

तार नुसती ‘मजबूत दिसणे’ किती फसवे असते, याचे एक उदाहरण पाहू. तारेच्या मधोमध 80 किलो वजनाचा माणूस लोंबकळत आहे आणि तार दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी 10 अंशांचा कोन करते आहे, असे समजा. तारेवर येणारा ताण सुमारे 230 किलोंच्या भाराइतका असतो. तीच तार अधिक ताणून कोन 5 अंशांवर आणला, तर ताण दुपटीने वाढून सुमारे 460 किलोंवर जातो. म्हणजे सरळ, ताठ तार पाहून सामान्य माणसाला जो दिलासा वाटतो तो चुकीचा असू शकतो. कडीचेही तसेच. गिर्यारोहणाची चांगली कडी बंद असताना दोन हजार किलोंहून अधिक भार पेलते. तिचे दार उघडे राहिले तर ती क्षमता एक तृतीयांशाच्या आसपास येते. पट्टे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात. उन्हाने त्यांचा जीव कमी होतो आणि ते डोळ्यांना लगेच कळत नाही. आपल्या कोकणपट्टीत चार महिने पाऊस. लोखंडाचे काय होते ते वसईकराला वेगळे सांगायला नको. होडीवरचा कोळी समुद्रात जाण्यापूर्वी दोर हातातून सोडून पाहतो, माडावर चढणारा आपला फास चाचपून घेतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

युरोपात 2007 पासून दोरांवरील खेळांसाठी ई.एन. 15567 हे स्वतंत्र मानक आहे. वर्षातून एकदा तज्ज्ञ निरीक्षकाने, ठराविक महिन्यांनी केंद्राने आणि रोज खेळ सुरू होण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी, अशी तपासणीची उतरंड त्यात अपेक्षित आहे. साहसी पर्यटनातील सुरक्षेच्या व्यवस्थापनासाठी 2014 मध्ये आय.एस.ओ. 21101 हे आंतरराष्ट्रीय मानक आले. भारतातही साहसी पर्यटन संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सहकार्याने 2018 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ‘आज सकाळी कुणी तपासली?’ हा आमच्या मुलीचा प्रश्न शंकेखोर नव्हता. ज्या देशांत हा खेळ शिस्तीने चालतो तेथे कर्मचारी तो स्वतःलाच रोज विचारतात आणि उत्तर वहीत लिहून ठेवतात.

2025 ने दिलेले इशारे

2025 मधील तीन घटना वाचकांना आठवत असतील. जानेवारीत गोव्यातील केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिच्याबरोबरचा चालक, दोघेही मृत्युमुखी पडले. कंपनीच्या मालकावर गुन्हा नोंदवला गेला. एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात एका 28 वर्षांच्या तरुणीचा झिपलाइनच्या मचाणावरून पडून मृत्यू झाला. कडी अडकविण्यास उंची पुरेना म्हणून ती स्टुलावर चढली असता तोल गेला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. जूनमध्ये मनाली येथे आई-वडिलांबरोबर सहलीस गेलेली नागपूरची 12 वर्षांची मुलगी झिपलाइनवरून जात असताना पट्टा तुटून खाली कोसळली आणि गंभीर जखमी झाली. तिच्या पडण्याचे चित्रण देशभर पाहिले गेले.

या घटनांकडे नशिबाचा फेरा म्हणून पाहता येणार नाही. भोरची घटना विशेष विचार करायला लावते. आपल्याला भीती वाटते ती तारेवर असतानाची. तेथे मात्र घात झाला तो तारेवर जाण्याआधी, शरीर कशालाच जोडलेले नसताना. जाणकार सांगतात की मचाणाच्या कडेजवळ जाण्यापूर्वी माणूस कोणत्या तरी भक्कम आधाराला जोडलेला असलाच पाहिजे आणि एक जोड सोडण्यापूर्वी दुसरी लागलेली असली पाहिजे. आमच्या मचाणावर असे होते काय? आम्ही आठवून पाहतो, आणि आमच्याजवळ खात्रीचे उत्तर नाही. कारण आम्ही पाहिलेच नाही.

महाराष्ट्र शासन या बाबतीत अगदीच उदासीन राहिले असेही नाही. 2014 आणि 2018 मध्ये साहसी उपक्रमांविषयी शासन निर्णय निघाले आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांसाठी साहसी पर्यटन धोरण जाहीर झाले. त्यानुसार असे उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. म्हणजे नियम आहेत. परंतु डोंगरपायथ्याच्या प्रत्येक शेतघरावर आणि रिसॉर्टवर रोज निरीक्षक पाठविणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. अशा वेळी नियमाला जिवंत ठेवणारा पहिला माणूस म्हणजे प्रश्न विचारणारा ग्राहक. आम्ही 45 माणसे घेऊन त्या केंद्रावर गेलो आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा, एवढेही म्हणालो नाही. 45 माणसांचे भाडे देणाऱ्याने विचारले असते तर ते दाखवावे लागले असते, किंवा ते नाही हे तरी कळले असते.

सहीच्या कागदाविषयीही समज करून घेतला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात मुळातच टिकत नाही. 1903 मधील प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयापासून हे स्थिरावलेले तत्त्व आहे. सज्ञान माणसाने सही केली तरी निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी त्या कागदाने धुऊन निघत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मग तो कागद कशासाठी असतो? बहुतांशी आपण प्रश्न विचारू नयेत यासाठी. सही झाली की माणसाला वाटते, आता बोलण्याचा अधिकार संपला.

मंदिराच्या शिखरावरचा मोह

आता आमच्या चुकीकडे येतो. ‘देवावर भरवसा ठेव’ हे वाक्य आम्ही आजाऱ्यांच्या उशाशी, परीक्षेच्या दिवशी, अंत्यविधीच्या वेळी शेकडो वेळा उच्चारले आहे आणि ते मनापासून उच्चारले आहे. त्या मचाणावर मात्र आम्ही ते एका रास्त प्रश्नाचे तोंड बंद करण्यासाठी वापरले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचकांना परिचित आहे. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकण्यास सांगतो आणि आधारासाठी चक्क स्तोत्रसंहितेतील 91 व्या स्तोत्राचा हवाला देतो: देवाचे दूत तुला झेलतील. उंच जागा, खाली पोकळी आणि पवित्र वचनाचा आधार देऊन ‘टाक उडी’ म्हणणारा आवाज! प्रभू मात्र देवाची परीक्षा पाहण्यास नकार देतो. हा उतारा आम्ही दर उपवासकाळात वाचतो, त्यावर प्रवचन करतो. तरीही त्या दिवशी त्या प्रसंगात आपण कोणाच्या बाजूने बोललो, हे ध्यानात यायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

संत थॉमस अक्वायनस यांनी देवाची परीक्षा पाहणे म्हणजे काय याचा सविस्तर विचार केला आहे. माणसाने स्वतःला करता येण्यासारखे आहे ते न करता देवाच्या साहाय्याची अपेक्षा धरणे, हे त्या पापाचे एक रूप होय, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात मांडता येईल. कडी नीट लागली की नाही हे पाहणे माणसाच्या हाती आहे. ते न पाहता देवाचे नाव घेणे ही श्रद्धा नव्हे. श्रद्धेच्या शब्दांनी झाकलेला तो आपला आळस होय. धैर्याबद्दलही याच संताने लिहिले आहे की चढाई करण्यापेक्षा टिकून उभे राहणे हे धैर्याचे अधिक मुख्य कार्य आहे. मित्रमैत्रिणी हसत असताना, स्वतःचे फादर घाई करीत असताना, ‘उत्तर मिळाल्याशिवाय मी जाणार नाही’ म्हणून जिना उतरणे. त्या दिवशी सर्वांत मोठे धैर्य कोणी दाखविले, हे वाचकांनीच ठरवावे.

याचा अर्थ चर्चला साहसाचे वावडे आहे असा नाही. पोप अकरावे पायस हे परमगुरू होण्यापूर्वी नामांकित गिर्यारोहक होते; 1889 मध्ये त्यांनी आल्प्समधील मोंते रोसाची कठीण चढाई केली होती. खरे गिर्यारोहण हे बेफिकीर लोकांचे काम नसून सावधपणा आणि थोडेसे धैर्य यांचे काम आहे, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुण धर्मगुरू असताना पोलंडमधील युवक-युवतींना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर जात. 1958 च्या उन्हाळ्यात बिशपपदी नेमणूक झाल्याचा निरोप त्यांना मिळाला तेव्हा ते अशाच एका होडीच्या सहलीवर होते. आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद बहाल केले ते तुरीनचे पिएर जॉर्जो फ्रासाती, अवघ्या चोविसाव्या वर्षी 1925 मध्ये निवर्तलेले, मित्रांसह पर्वतशिखरे चढणारे आणि शहरातील गरिबांची दारे गाठणारे होते. उंचीची ओढ आणि शेजाऱ्याची काळजी यांची त्यांच्या आयुष्यात फारकत नव्हती.

बंदी हा उपाय नव्हे

आमच्या सहलीची हकीगत काही पालकांच्या कानी गेली तेव्हा ‘बंदच करा असल्या सहली’ अशी सूचना आली. आम्ही तिच्याशी सहमत नाही. तरुणांच्या अंगातील उसळी धर्मग्रामाने नाकारली म्हणून ती नाहीशी होत नाही, ती दुसरी वाट शोधते. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या वसईकरांना नव्या नाहीत. तेथे गेलेल्या मुलांबरोबर ना पालक असतात, ना प्रशिक्षक, ना दोर. साहसाला शिस्तीची सोबत देणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

शिवाय ही बाब केवळ आपल्या मुलांच्या जिवाची नाही. पलीकडच्या मचाणावरील त्या आदिवासी मुलाची आम्हाला वारंवार आठवण होते. तो दिवसभर कडेवर उभा असतो. आमचा प्रवास अर्ध्या मिनिटाचा. त्याची जोखीम सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंतची. त्याला प्रशिक्षण मिळाले काय, त्याचा विमा आहे काय, उद्या काही विपरीत घडले तर पोलीस ठाण्यात प्रथम कोणाला बसविले जाईल, हे प्रश्न आपण विचारीत नाही. स्वस्त सहलीची किंमत पुष्कळदा त्याच्यासारख्यांच्या अप्रशिक्षित हातांनी चुकती केलेली असते. सामाजिक न्यायावर प्रवचने देणाऱ्या आम्हा मंडळींना हे सुचायला हवे होते.

त्या मुलीच्या घरी

पंधरा दिवसांनी, रविवारच्या मिस्सेनंतर, आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती अवघडली. म्हणाली, ‘फादर, वॉर्डमध्ये काही औषधं दुसऱ्या सिस्टरनं तपासल्याशिवाय आम्ही देतच नाही. तिथं कुणाला राग येत नाही. इथं मात्र सगळ्यांना आला.’ तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सहज बोलून गेली, ‘मी तर निर्धास्त होते, फादर. म्हटलं, फादर आहेत बरोबर.’

त्या माउलीचे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. पालक आपल्या मुलांना धर्मग्रामाच्या सहलीला धाडतात तेव्हा त्यांनी आपला प्रश्न विचारण्याचा अधिकार आमच्याकडे ठेव म्हणून सोपविलेला असतो. ती ठेव आम्ही नाश्त्याच्या रांगेत सही करून मोकळे झालो.

पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ‘क्रिस्तुस विवित’ या प्रबोधनपत्रात युवक हे युवाकार्याचे केवळ लाभार्थी नसून स्वतः कर्ते आहेत, असा आग्रह धरला आहे. त्याला अनुसरून आमच्या युवा संघटनेने त्या मुलीलाच पुढाकार घ्यायला सांगितले. तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी मिळून एक पानाची प्रश्नावली तयार केली. फोटो टाकणारा युवकही त्या तिघांत आहे, हे नमूद करायला आम्हाला आनंद वाटतो. अन्य धर्मग्रामांच्या उपयोगासाठी तिचा सारांश येथे देत आहोत.

1. केंद्राची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे काय? आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी प्रमाणपत्र पाहावे.

2. तार, कप्प्या आणि पट्टे यांची आजची तपासणी कोणी केली? नोंदवही दाखविता येईल काय?

3. मचाणावर पाऊल ठेवल्यापासून पलीकडे उतरेपर्यंत माणूस सतत जोडलेला असतो काय? मुख्य जोड सुटली तर दुसरी स्वतंत्र जोड आहे काय? एकाने लावलेली कडी दुसरा तपासतो काय?

4. कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनाची मर्यादा कोणती? वारा किंवा पाऊस आला तर खेळ केव्हा थांबवतात?

5. कोणी मध्येच अडकला तर त्याला कसे आणतात? प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, वाहन आणि जवळचे रुग्णालय यांची काय व्यवस्था आहे?

6. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोणी दिले? त्यांचा विमा आहे काय?

याखेरीज आपल्या बाजूचे तीन नियम ठरले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घरीच, सर्व माहिती देऊन घ्यायची. बसमध्ये किंवा रांगेत नव्हे. ओढण्या, गळ्यातील साखळ्या व जपमाळा, मोकळे केस यांची सोय मचाणावर चढण्याआधी लावायची. आणि ज्याला जायचे नसेल त्याने कारण सांगण्याची गरज नाही. त्याची थट्टा करणाऱ्याला पुढील सहलीत जागा मिळणार नाही.

चौथा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे. बरोबर असणारा धर्मगुरू रांगेत शेवटी किंवा मध्ये उभा राहणार नाही. तो प्रथम वर जाईल, प्रश्न विचारील, उत्तरे ऐकेल आणि समाधान झाले तरच मुलांना बोलावील. समाधान झाले नाही तर सर्वांना घेऊन जिना उतरेल, मग भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

वाचकहो, पुढचा सहलींचा हंगाम लवकरच येईल. आपल्या धर्मग्रामातील युवा प्रतिनिधींनी, शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी ही प्रश्नावली जवळ ठेवावी, तिच्यात आपल्या अनुभवाची भर घालावी आणि ती आम्हाला कळवावी. आमच्या युवकांची पुढील सहल ठरते आहे. या वेळी केंद्र निवडण्यापूर्वी दोघे जण आधी जाऊन पाहून येणार आहेत. त्यांपैकी एक ती मुलगी आहे. तिचे समाधान झाले तर तारेवरून पहिली जाणार असल्याचे तिने सांगितले आहे, आणि तिच्यानंतर आमची पाळी आहे.